पुरवणीतलं अर्धं पान माहितीला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमची शनिवारची घरांची पुरवणी आमच्याकडे सगळे बघतात. वाचतात असं म्हणवत नाही, कारण वाचायला त्यात असतं काय? पानापानावर ‘ग्रीन लिव्हिंग’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’, ‘इको होम्स’, आणि आत बघावं तर एक स्विमिंग पूल, पोडियमवरचं लॉन, आणि कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेला शिक्का. तो शिक्का कसला, कोणी दिला, त्यानं राहणाऱ्याचं लाइटबिल किती कमी होणार, ह्याबद्दल अक्षर नाही. जाहिराती छापू नका असं माझं म्हणणं नाही, पेपर चालवायचा तर त्या लागणारच, पण त्याच पुरवणीत दर आठवड्याला अर्धं पान आमच्यासारख्यांसाठी ठेवा एवढंच सांगायला हे पत्र. आमच्यासारखे म्हणजे ८०-८५ सालच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांमध्ये राहणारे, ज्यांच्यातल्या निम्म्यांना रिडेव्हलपमेंट हवीय आणि निम्म्यांना नकोय, आणि दोघांनाही एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर झोप लागत नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून बरीच वर्षं साइटवर सुपरवायझर होते, आता घरी असते आणि सोसायटीच्या कमिटीत आहे. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतातच. आमच्याच नाही, आजूबाजूच्या सोसायट्यांमधूनही येतात. टेरेस तापते काय करू, कंपोस्टला वास येतो काय करू, सोलर घ्यावं का, बोअर आटली. सगळ्यांचं उत्तर मला येतं असं अजिबात नाही, पण उत्तरं आहेत, आणि बरीचशी ह्याच शहरात आहेत, फक्त ती एकमेकांपर्यंत पोचत नाहीत.

आता कोणी म्हणेल, नेटवर सगळं आहे की. माझा भाचा हेच म्हणतो. आहे ना, ढिगानं आहे, पण ते कुणासाठी लिहिलंय ते बघा. बहुतेक माहिती थंड देशातली. भिंतीत जाड इन्सुलेशन भरा, काचा दुहेरी लावा, दक्षिणेला मोठ्या खिडक्या ठेवा म्हणजे ऊन आत येऊन घर गरम राहील. आपल्याला घर गरम ठेवायचंय का? पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस तुम्हीही दर वर्षी बातमीत छापता. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या घराचा सगळ्यात जास्त तापणारा भाग कुठला, तर स्लॅब. त्यानंतर पश्चिमेची भिंत, कारण दुपारनंतरचं तिरपं ऊन तिच्यावर येतं आणि ते छज्जानं अडत नाही. दक्षिणेच्या खिडकीला साधा दीड-दोन फुटांचा छज्जा असला तरी उन्हाळ्यात पुष्कळ काम होतं. हे एवढं कळलं तरी पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे ठरवता येतं. पण हे मराठीत, पुण्याचं नाव घेऊन, एका जागी लिहिलेलं सापडत नाही आणि मग लोक बेडरूमला फॉल्स सीलिंग करतात आणि वर स्लॅब तशीच तापत राहते.

टेरेसचंच घ्या. सगळ्यात स्वस्त उपाय चुना. हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याची पिशवी आणायची, रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल घालायचं म्हणजे तो धरून राहतो आणि पांढरा पायाला लागत नाही. आधी टेरेस झाडून, खरवडून, धुऊन वाळवायची, शेवाळ्याचे काळे डाग राहिले तर तिथून चुना पापुद्रा होऊन सुटतो. मग कुंच्यानं एक हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. संध्याकाळी करायचं, दुपारी केलं तर पाणी उडून जातं आणि चुना पूड होतो. हातात मोजे घालायचे आणि डोळ्यांना जपायचं, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही. डांबरी शीट मारलेली असेल तर त्याच्यावर हे नीट धरत नाही, तिथे रिफ्लेक्टिव्ह पेंटच लागतो आणि तो महाग पडतो. आणि ज्यांच्याकडे आधीच पांढऱ्या चायना मोझेकचे तुकडे लावलेत त्यांनी काहीच करू नका, फक्त घासून धुवा, काळ्या पडलेल्या मोझेकचा काही उपयोग नसतो. पावसात चुना धुऊन जातो, दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा करावं लागतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी सभेत हसले लोक, चुना लावताय म्हणाले. नंतर वरच्या मजल्यावरच्या काकू दुपारी अनवाणी पायानं वाळवणं घालायला टेरेसवर जायला लागल्या, मग हसणं थांबलं.

पाण्याकडे येते, कारण खरा गोंधळ तिथे आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा हिशोब शाळेतल्या मुलालाही जमेल. चार हजार स्क्वेअर फुटांची टेरेस म्हणजे सुमारे ३७० चौरस मीटर, त्यावर ७०० मिलिमीटर, म्हणजे दोन लाख साठ हजार लिटरच्या आसपास, त्यातलं काही उडतं, काही पहिल्या पावसात घाण धुण्यात जातं, ८० टक्के धरलं तरी दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वीस टँकर. हे पाणी आपण चार प्लॅस्टिकच्या पाइपमधून सरळ ड्रेनेजला सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन करतो.

नव्या इमारतींना हे सक्तीचं आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर रेनवॉटर हार्वेस्टिंग केल्याशिवाय परवानगीच मिळत नाही. पण कागदावर असणं आणि जमिनीत असणं ह्यात फरक आहे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत, नाव सांगत नाही, मला झाकण उघडून बघायला बोलावलं. बाहेर छान पाटी, ‘पर्जन्यजल पुनर्भरण’. आत खड्डा होता, विटांचं बांधकाम होतं, तळाला सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि बदामाच्या पानांचा चिखल, आणि टेरेसवरून येणारा पाइप त्या खड्ड्यापासून हातभर अलीकडे येऊन पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये वळलेला. म्हणजे तो खड्डा कधी जोडलाच नव्हता. पूर्णत्वाचा दाखला मात्र मिळालेला. राहणाऱ्यांना कळायचं कसं? त्यांना कोणी सांगितलंय का की पावसाळ्याच्या आधी झाकण उघडा, फिल्टरमधली खडी-वाळू काढून धुवा, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचा जो व्हॉल्व्ह असतो तो चालतो का बघा?

आणि नुसता खड्डा खणला की पाणी मुरतं असंही नाही. हे मला इतकं वाटतं ना की पाचवीच्या पुस्तकात घालावं. पुणं बसलंय बेसॉल्टच्या कातळावर. वर थोडी माती, मग मुरूम, मग कातळ. मुरमात पाणी शिरतं, घट्ट कातळात शिरत नाही, तिथे ते फक्त भेगांमधून आणि दोन थरांच्या मधल्या पोकळ जागेतून जातं. म्हणून एका सोसायटीत खड्डा भरला की तासाभरात रिकामा होतो आणि शंभर फुटांवर दुसऱ्या सोसायटीत डास होईपर्यंत पाणी साचून राहतं. टेकडीच्या उतारावरची सोसायटी आणि नदीकाठची सोसायटी ह्यांचं डिझाइन एकच असू शकत नाही. बोअरमध्ये पाणी सोडायचं तर ते फक्त टेरेसचं आणि गाळलेलंच सोडायचं, पार्किंगमध्ये वाहणारं पाणी तेलकट असतं, ते बोअरमध्ये गेलं तर आपल्याबरोबर शेजाऱ्यांचंही पाणी बिघडतं कारण खालचं पाणी कंपाउंडवॉल बघून थांबत नाही. पुण्यातच अॅक्वाडॅम नावाची संस्था आहे, भूजलाचाच अभ्यास करणारी, देशभरात त्यांचं काम आहे. कोथरूडमधल्या किंवा बावधनमधल्या किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना ती माहीत असेल? तुमच्या अर्ध्या पानात अशा जाणकारांनी एकेका भागाच्या जमिनीबद्दल चार परिच्छेद लिहिले तरी किती खड्डे वाया जायचे वाचतील.

महापालिका मिळकतकरात सवलत देते, गांडूळखत, सोलर, रेनवॉटर ह्यातलं एक केलं तर ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के. हे पण निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यातले काही नुसती सवलत घेतात आणि खड्ड्याकडे ढुंकून बघत नाहीत. तपासणी झालीच पाहिजे, पण तपासायला येणाऱ्यानं दोन ओळींची दुरुस्तीची चिठ्ठीही द्यावी, नुसता दंडाचा कागद नको.

कंपोस्टबद्दल थोडक्यात, कारण ह्यावर बरंच लिहिलं गेलंय. वास येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं, ओलं जास्त आणि सुकं कमी. भाजीची देठं, उरलेला भात टाकला की त्याच्या बरोबरीनं वाळका पाचोळा टाकायचा आणि दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं. पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात आणि फिनेल ओततात, अहो त्या अळ्या कचरा खाऊन फस्त करतात, त्यांना राहू द्या, फार झाल्या तर पाचोळा वाढवा. पाचोळा नाही म्हणतात! ज्या शहरात दर फेब्रुवारीत रस्त्याकडेला पाचोळ्याचे ढीग पेटवलेले दिसतात तिथे पाचोळा नाही. पुण्यातल्या ‘ब्राऊन लीफ’ ह्या मंडळींनी नेमकं हेच ओळखलं, ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना बागेला हवाय त्यांची गाठ घालून द्यायची. पैसा नाही, मशीन नाही, फक्त माहिती. मला जे अर्धं पान हवंय ते साधारण ह्याच कामाचं.

‘स्वच्छ’च्या ताईंबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००८ पासून ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेबरोबर काम करतेय, त्याच्या आधी १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत होती. हरित शहर वगैरे जे काय आपण म्हणतो त्यातलं सगळ्यात मोठं काम ह्या बायका दारोदार हातानं करतात, आणि आपण डायपर सुद्धा कागदात न गुंडाळता त्यांच्या हातात देतो. ग्रीन होमच्या जाहिरातीत मी अजून त्यांचा फोटो बघितला नाही.

किचनच्या कचऱ्यापासून गॅस करायचा छोटा प्लांट आपल्या पुण्याच्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांनी बसवून दाखवला, प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी, त्याला २००६ मध्ये लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. फ्लॅटच्या गॅलरीत तो जमेलच असं नाही, रोज लक्ष द्यावं लागतं आणि थंडीत गॅस कमी येतो. पण बंगलेवाल्यांना, हॉस्टेलना, मेसवाल्यांना का जमू नये? ज्यांनी बसवला आणि टिकवला त्यांचे अनुभव कुठे वाचायला मिळतील?

सोलरचं सांगते. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅट आणि पुढे जास्तीत जास्त ७८ हजार सबसिडी, आणि सोसायटीच्या कॉमन वापराला, म्हणजे पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे ह्याला किलोवॅटमागे १८ हजार. एका किलोवॅटला टेरेसवर साधारण १०० स्क्वेअर फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. दहा किलोवॅट बसवलं तर महिन्याला हजार-बाराशे युनिट. हे गणित सेल्समन पण सांगतो. तो सांगत नाही ते असं, की शेजारच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंट ठरली असेल तर तिथे अकरा मजले उभे राहणार आणि तुमच्या पॅनेलवर दुपारी तीननंतर त्यांची सावली पडणार. आणि सावली एका पॅनेलवर पडली तरी साध्या जोडणीत त्या रांगेतल्या सगळ्यांचं उत्पादन खाली येतं. आपल्याकडे गल्लोगल्ली हेच चाललंय. तेव्हा सही करायच्या आधी शेजारच्या कमिटीशी बोला, त्यांचा प्लॅन कुठपर्यंत आलाय विचारा. शिवाय स्ट्रक्चर किती उंच करायचं, खालून माणूस जाऊन वॉटरप्रूफिंग दुरुस्त करू शकेल का, पॅनेल धुवायला नळ आहे का. धुळीनं माखलेली पॅनेलं मी पुष्कळ बघितली आहेत. आणि हो, सोलरच्या आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसच्या आसपास. पंखे पुण्यात दिवसरात्र चालतात.

आता रिडेव्हलपमेंट. ह्यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. बिल्डरचं प्रेझेंटेशन असतं तेव्हा प्रश्न कोणते विचारले जातात, तर कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग किती. बरोबरच आहे, तेही विचारायलाच हवं. पण पुढची पन्नास वर्षं त्या भिंतीत राहायचंय, तर भिंत कशाची आहे हे कोण विचारणार? आमच्या जुन्या इमारतीची बाहेरची भिंत नऊ इंची विटेची, खिडकीवर छज्जा, बाथरूमला जाळी. नव्या इमारतींमध्ये हल्ली बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. काम झटपट होतं, फिनिशिंग सुंदर, पण काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा लवकर आत येते, आणि छज्जा काढून तिथे काचेची मोठी खिडकी दिली की एसी घेण्यावाचून इलाज राहत नाही. सिपोरेक्सच्या, म्हणजे एएसी ब्लॉकच्या भिंतीतून उष्णता बरीच कमी येते. बाहेरून तीच घ्या, निदान पश्चिमेला तरी, असं मी प्रत्येकाला सांगते. केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्यानं डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली, त्यात इमारतीच्या भिंती-खिडक्यांमधून किती उष्णता आत येऊ द्यायची त्याची मर्यादाच घातलीय, चौरस मीटरला १५ वॅट, छताचा वेगळा आकडा आहे. बिल्डरच्या आर्किटेक्टला सभेत एवढंच विचारा, आपल्या इमारतीचा आरईटीव्ही, म्हणजे हाच भिंती-खिडक्यांमधून येणाऱ्या उष्णतेचा आकडा, किती येतो? उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी कळेल काय ते.

दुसरा प्रश्न. राज्याच्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत, डिसेंबर २०२० पासून, ग्रीन रेटिंग घेतलं तर बिल्डरला बेसिक एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर मुळात जेवढं बांधता येतं त्याच्यावर, जादा एफएसआय मिळतो, रेटिंगप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के. म्हणजे पुरवणीतल्या त्या हिरव्या शिक्क्यामागे जागा आहे, आणि पुण्यात जागा म्हणजे पैसा. माझा त्याला विरोध नाही, आमिष दाखवल्याशिवाय कोण करतंय. पण फायदा बांधताना मिळतो आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), पंप, सेन्सर हे चालवायचा खर्च पुढे सभासदांच्या मेंटेनन्समधून जातो, आणि मग तिसऱ्या वर्षी एजीएममध्ये ठराव होतो की एसटीपी बंद ठेवा. म्हणून हे चालवायला महिन्याला किती येणार ते करारात आकड्यासकट लिहून घ्या आणि पहिली काही वर्षं चालवायची जबाबदारी बिल्डरवर टाका.

आणि पाडलेल्या इमारतीचं काय? राडारोडा. ह्यासारखं दुर्लक्षित दुसरं काही नसेल. सळया भंगारवाला उचलतो, त्याला पैसे मिळतात. सागवानी चौकटी, जुनी दारं, ग्रिल पाडकामवाला घेऊन जातो, त्या जुन्या बाजारात किंवा लाकडाच्या वखारीत विकल्या जातात, तेही ठीक. उरलं ते विटा, काँक्रीट, फरशी, प्लास्टर, ते रात्री डंपरनं कुठे जातं? नदीकाठ, ओढे, टेकडीचा पायथा. रामनदीच्या काठानं चालून या एकदा. मग जुलैत धरणातून पाणी सोडलं की पुराच्या बातम्या येतात. राडारोड्याचे नियम २०१६ पासून आहेत, वाघोलीला त्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्पही आहे, त्यातून पेव्हर ब्लॉक वगैरे होतात. सोसायटीनं करारातच लिहून घ्यायचं की राडारोडा प्रकल्पात गेल्याच्या पावत्या द्यायच्या, नाहीतर पुढचा टप्पा नाही. आणि शहाबादी फरशी फोडू नका हो, ती हातानं सुटी काढली तर पन्नास वर्षांनीही पुन्हा बसवता येते, बागेत, गच्चीवर, पार्किंगच्या कडेला. कोणाला द्यायचीय, कोणाला हवीय, ही यादी पेपरात येऊ शकत नाही का? छोट्या जाहिरातींत तुम्ही जुने सोफे छापताच की.

सिमेंटवर सारखं बोट दाखवतात त्याचं कारणही मराठीत समजावून सांगायला हवं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. भट्टीला लागणारं इंधन हे एक, पण त्याहून जास्त वाटा चुनखडीचा, ती भाजली की तिच्यातूनच वायू बाहेर पडतो, इंधन कुठलंही वापरा. चुनाही चुनखडी भाजूनच होतो, पण चुन्याचं मॉर्टर सुकताना हवेतला तोच वायू बराचसा परत घेतं, म्हणून जुन्या बांधकामाकडे लोक पुन्हा वळतायत. पण लगेच ‘आपले वाडेच बरे होते’ असं गहिवरून लिहू नका प्लीज. वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हवेला उत्तमच, पण लाकडाच्या त्या सांगाड्यांना आगीचं भय होतं, शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीतच गेला. आणि आज एका गुंठ्यात जितकी माणसं राहतात तितकी वाड्यात मावणार नाहीत. घ्यायचं ते चौकाचं तत्त्व घ्या, आरपार वाऱ्याचं तत्त्व घ्या.

तसंच लॉरी बेकरांचं. ते १९१७ ला इंग्लंडमध्ये जन्मले आणि केरळात राहून त्यांनी कमी खर्चाची घरं बांधली. त्यांचं रॅट ट्रॅप बाँड म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीमुळे घर थंड राहतं. तरुण मंडळी ते बघून येतात आणि शेतघराला करायचं म्हणतात. मी एकदा एका गवंड्याकडून नमुन्याची भिंत करून घेतली. त्यानं दोन थर लावले, ओळंबा धरला आणि मला म्हणाला, “मॅडम, विटा एका मापाच्या द्या, मग बोला.” बरोबर होतं त्याचं, आपल्याकडच्या भट्टीच्या विटा एकीसारखी एक नसते, पोकळीच्या भिंतीत ते लगेच उघडं पडतं आणि सांध्यात मसाला भरून सगळी बचत जाते. विटा निवडून घेतल्या तर जमतं, पण निवडायची मजुरी धरा. हे असं बारीकसारीक कुठल्याच व्हिडिओत नसतं, आणि जे गवंड्याला माहीत असतं ते त्याला कोणी विचारत नाही. तुमच्या पानात महिन्यातून एकदा एखाद्या गवंड्याची, प्लंबरची, वॉटरप्रूफिंगवाल्याची मुलाखत घ्या. आर्किटेक्टच्या मुलाखती पुष्कळ झाल्या.

अधिकृत माहितीही अगदीच नाही असं नाही. छतावरच्या पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १५७९७, २००८ चं. पण ते इंग्रजीत, आणि असल्या कागदांची भाषा इंजिनिअरलाही झोप आणणारी. त्यातलं सोसायटीच्या कामाचं एक पान जरी कोणी मराठीत उतरवलं तर आमच्यासारख्या कमिट्यांना ते थेट प्लंबरच्या हातात देता येईल. कोटेशन कसं वाचायचं, कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नसतं, हेही एकदा छापा. मागच्या वर्षी आमच्या एका शेजारच्या सोसायटीला एकाच कामाची तीन कोटेशनं आली, एकात फिल्टर होता, एकात नव्हता, एकात फिल्टरचं नुसतं नाव होतं, आणि कमिटीनं अर्थातच सगळ्यात स्वस्तातलं घेतलं.

तेव्हा विनंती अशी. अर्धं पान, दर शनिवारी. एका वेळी एकच विषय, पुण्यातला, केलेल्या कामाचा. कोणी केलं, खर्च किती आला, काय बिघडलं, आता कसं चालतंय. फसलेली कामंही छापा, त्यातून जास्त कळतं. कंपन्यांचे लेख नकोत, तिथे परत जाहिरातच होते. लेखक मिळणार नाहीत ही काळजी करू नका, ह्या गावात प्रत्येक सोसायटीत एक तरी रिटायर्ड इंजिनिअर आहे आणि तो लिहायला बसलाच आहे, त्याला शब्दमर्यादा घालायची जबाबदारी तेवढी तुमची.

सुरुवात एप्रिलमध्येच केलीत तर चांगलं. पहिला लेख रेनवॉटरच्या खड्ड्यांच्या साफसफाईचा घ्या, म्हणजे मेमध्ये लोकांना झाकणं उघडायला, फिल्टर धुवायला आणि न जोडलेले पाइप जोडायला महिनाभर हातात राहील. आमच्या सोसायटीचा खड्डा, फिल्टर आणि टेरेस बघायला कोणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी या, पत्ता तुमच्या कार्यालयात देऊन ठेवते. तुमच्या वार्ताहरानं आलं तरी चालेल, फोटोग्राफरला मात्र सांगा की पाटीचा नको, झाकणाच्या आतला फोटो काढ.

कळावे,
तुमची एक वाचक,
सहकारनगर, पुणे